मदत हवी आहे: एसटीतलं लिंबू, आभासी बल आणि फिरणारी पृथ्वी

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अकरावी सायन्सच्या पोरांची शिकवणी घेतो. फ्रेम ऑफ रेफरन्सवर, म्हणजे कोण कुठून पाहतो त्यावर गती कशी दिसते यावर, घोडं अडलंय.

पहिला भाग पोरांना पटला. एसटी सरळ रस्त्यानं ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, अशा एकाच वेगानं चाललीय. आतल्यानं लिंबू फूटभर वर उडवलं, अर्ध्या सेकंदात परत हातात. त्याच्या लेखी ते सरळ वर गेलं, सरळ खाली आलं. धुऱ्यावर उभ्या माणसाला मात्र तेच लिंबू चपटी कमान करत साडेसात मीटर पुढं गेलेलं दिसतं. दोघंही बरोबर. (आमचे रस्ते पाहता 'एकाच वेगानं' हे गृहीतक जरा जास्तच आहे, ते सोडा.)

मग एका पोट्ट्यानं धरलं: "सर, आर्यभटानं ४९९ मध्येच लिहिलं ना, नावेतल्याले काठावरच्या वस्तू मागं जाताना दिसते, तसेच तारे पश्चिमेले जाताना दिसते. मंग दोघंही बरोबर, त आकाश फिरते म्हटलं त काय बिघडते?" दुसरा त्याच्या पुढचा: "ब्रेक मारला का नाक समोरच्या दांडीवर आपटते. पुढं ढकलणारं बल आभासी, म्हणजे नुसतं भासणारं, त नाक खरं कसं फुटते?"

काय सांगू?

प्रतिसाद १
सर, पोरं हुशार आहेत. 'दोघंही बरोबर' हे फक्त एकमेकांच्या मानानं सरळ, एकाच वेगानं चालणाऱ्यांपुरतं. ब्रेक लागला की रस्ता एसटीला मागं रेटतो, तुम्हाला तसं रेटणारं पुरेसं काही नसतं. तुम्ही आपल्या वेगात पुढं जाता आणि दांडी आडवी येते. नाक फोडतं ते दांडीचं बल, शंभर टक्के खरं. आभासी बल आपण जमेस धरतो ते एसटीत बसून न्यूटनचा नियम वापरता यावा म्हणून.

फिरण्यात वेगाची दिशा सतत बदलते, म्हणून ते आत बसूनही पकडता येतं. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून तेच दाखवलं: खाली पृथ्वी फिरते म्हणून गोळ्याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकताना दिसते. आकाश फिरतं धरूनही गणित मांडता येतं, पण मग आभासी बलांचं लटांबर सोबत घ्यावं लागतं.

धागाकर्ता
वा! गावात बंद पडलेल्या जिनिंगचं उंच शेड आहे. जुन्या काट्याचं २० किलोचं वजन टांगलं तर जमेल?

प्रतिसाद २
जमेल, पण गोल गोळा मिळाला तर बरं. तुमच्या अक्षांशावर झोक्याची दिशा तासाला ५ अंशांच्या आसपास सरकेल, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पूर्ण फेरीला ६९ तास लागतील, तेवढं थांबू नका. दोन तासांत खडूच्या रेघेवरून फरक दिसतो. तार वर सगळ्या बाजूंनी सारखी पकडलेली हवी. आणि गोळा हातानं सोडू नका, बाजूला धक्का बसतो. सुती दोऱ्यानं ओढून बांधा, पूर्ण स्थिर झाला की दोरा काडीनं जाळा.