मदत हवी आहे: हाताने बनवलेली लाकडी शवपेटी थेट कारागिराकडून घेतेय, माप काय देऊ?

सई_लिहिते: लवकर उत्तर हवंय. एका कुटुंबाचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे, वडील आणि दोन मुलं मिळून पेट्या बनवतात, त्यांच्याकडूनच घ्यायची हे ठरलंय. त्यांचा मेसेज आलाय की आतलं माप पाठवा, लाकूड सांगा, अर्धे पैसे आगाऊ द्या म्हणजे काम सुरू करतो. उंची ५ फूट २ इंच. तर माप काय लिहू, आणि साग की पाइन? उद्या सकाळपर्यंत कळवायचंय. तयार घ्या असं प्लीज कोणी सांगू नका.

रंधा_पटाशी: दफन की दहन? कधी लागणार आहे? दहन असेल तर धातूचं सामान आणि जाड पॉलिश बऱ्याच ठिकाणी चालत नाही, मग सगळंच बदलतं. नुसत्या उंचीवरून कोणीच सांगू शकणार नाही.

पाऊसवेळ: आम्ही बाबांच्या वेळी तयारच घेतली होती, अर्ध्या दिवसात काम झालं. अशा वेळी कशाला एवढी धावपळ करायची.

सई_लिहिते: वर लिहिलंय ना तयार नको म्हणून. दफन. आणि लगेच नाही लागणार, आई आहे अजून. आजार बरा होणारा नाही हे तिला माहीत आहे, तिनेच सांगितलंय की पेटी आधी बघायची आहे, लाकूड लाकडासारखं दिसू दे आणि पॉलिशचा वास नको.

रंधा_पटाशी: हे आधी सांगायला हवं होतं ताई. मग वेळ आहे, त्यामुळे उद्या सकाळची घाई सोडा. लाकूड वाळलेलं आहे का ते पहिलं विचारा. ओली फळी रुंदीत आक्रसते, लांबीत जवळपास नाही, म्हणून पेटी घरात दोन-तीन महिने राहिली की तळाच्या फळ्यांमध्ये फटी पडतात आणि झाकण वाकतं. ओलावा ८ ते १२ टक्के असावा, मीटर लावून फोटो पाठवा म्हणा, चांगला कारागीर रागावत नाही.

कोकरू७: सागच घ्या, वाळवी सहसा लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो.

रंधा_पटाशी: जमिनीतच जायचं आहे तर टिकण्याचं काय घेऊन बसलात. वजन बघा. ७ फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, दीड फूट उंच, पाऊण इंची फळी धरली तर पाइनची रिकामी पेटी ५० किलोच्या आसपास आणि सागाची ७० च्या जवळ जाते. उचलणारी माणसंच असतात.

कोकरू७: पाइनला गाठी असतात, दिसायला हलकं दिसतं. आईसाठी आहे ना?

नियमवाचक: अमेरिकेत १९८४ पासून नियमच आहे, पेटी बाहेरून आणली तर अंत्यविधीवाले नाकारू शकत नाहीत आणि १९९४ पासून त्यासाठी जादा पैसेही घेऊ शकत नाहीत.

पाऊसवेळ: विचारलंय काय आणि सांगताय काय.

जुनी_ओसरी: मापाचं कोणीच सांगत नाहीये म्हणून लिहिते, माझ्या सासऱ्यांची पेटी करून घेतली होती. उंचीपेक्षा रुंदीवर सगळं अडतं. हात अंगालगत ठेवून एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत, तिथे माणूस सगळ्यात रुंद असतो. आडवं झाल्यावर पावलं पुढे झुकतात म्हणून लांबी उंचीहून ३-४ इंच जास्त. अस्तर आणि गादी आत किती जागा खाणार तेही विचारा. बाहेरचं माप हँडल धरून घ्या आणि ते दफनभूमीत दाखवा, जिन्याचं वळणही मोजा, आम्ही नव्हतं मोजलं.

सई_लिहिते: कोपरं मोजायची म्हणजे तिच्याजवळ टेप घेऊन जायचं? झोपेत मोजणं मला नाही जमणार. तिच्या कुर्त्यांवरून नाही का काढता येणार?

जुनी_ओसरी: खांद्याची शिवण तुम्हाला फसवेल. चोरून मोजू नका गं, तिनेच मागितली आहे ना, तिलाच विचार.

तेलपाणी: वास नको असेल तर उकळलेलं जवसाचं तेल, दोन पातळ हात, पण पूर्ण वाळायला बरेच दिवस द्या, तोवर वास राहतो. आणि तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा.

सई_लिहिते: आईला विचारलं. तिने हात अंगाला चिकटवून पडून दाखवलं आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. १९ इंच. संध्याकाळी तिला सूज असते म्हणून मुद्दाम आत्ताच मोजलं. आतून लांबी ६६, रुंदी २२ लिहितेय, पाइन. गाठी आवडतील म्हणाली. मीटरचा फोटो आला, ११ दाखवतोय. हँडलचं राहिलंय, त्यांनी दोरी की लाकडी दांडा विचारलंय.

रंधा_पटाशी: दोन्ही चालतं. दांडा घेतलात तर तो बोल्टने आरपार बसवायला सांगा, आखूड स्क्रूवर नको. दोरी असेल तर ती तळाखालून पलीकडे नेऊन घ्या, म्हणजे भार तळ उचलतो, बाजूच्या फळीवर येत नाही. आणि तळ खालून नुसता ठोकलेला नको, बाजूंच्या खाचेत बसलेला हवा. हे पैसे पाठवायच्या आधी लेखी घ्या.

सई_लिहिते: दोरी. लगेच लिहिते त्यांना.