कारल्याचा वेल, रिंगा रिंगा रोझेस आणि गाण्यांचे छुपे अर्थ

पऱ्हाटी:
भुलाबाईचे, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या त्या वऱ्हाडी सणाचे, दिवस जवळ आले की 'या गाण्याचा खरा अर्थ वाचून हादराल' अशा पोस्टी गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतात. वरातीतल्या डीजेपासून तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधल्या 'रिंगा रिंगा रोझेस'पर्यंत सगळ्यात म्हणे काहीतरी दडलेलं आहे. माझं म्हणणं असं की छुप्या अर्थाची किल्ली गाण्यातच सापडली पाहिजे. नाथांचं विंचवाचं भारूड घ्या. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे कुणी मागून चिकटवलेलं नाही. भारुडातच तसं म्हटलं आहे, आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगाराही तिथेच सांगितला आहे.

आता रिंगा रिंगा. त्याला 1665 च्या लंडनमधल्या प्लेगशी जोडतात: गुलाब म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, मग 'अटिशू' म्हणजे शिंक, मग पडून मरणं. पण केट ग्रीनवे या इंग्रज चित्रकर्तीच्या बालगीतांच्या पुस्तकात हे गाणं छापून आलं 1881 मध्ये, आणि प्लेगचा अर्थ पसरला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. एवढी वर्षं तो कुणालाच कसा सुचला नाही? शिवाय गाठीच्या प्लेगची खूण म्हणजे ताप आणि काखेत-जांघेत गाठ; शिंक ही त्याची ओळख नव्हे. 1881 च्या पाठात तर शिंक नाहीच, तिथे 'हश, हश' आहे. आपली पोरं 'हुशा बुशा' म्हणतात, ते त्याच्याच जवळ जातं. म्हणून पहिली तपासणी तारखेची. गाणं कधीचं, घटना कधीची आणि अर्थ कधीपासून सांगितला जातो, या तीन तारखा आधी लिहून काढा.

खंजिरी:
राजेहो, तुम्ही गाण्याले कोर्टात उभं करून राहिले. सिनेमाच्या गाण्यात बहुतेक वेळा चाल आधी बनते, शब्द मंग येतात. गीतकार मात्रा मोजते. एक मात्रा कमी पडली का 'गं' टाकला, दोन पडल्या का 'अहो' टाकला. यमक जुळत नसन तं अख्खी ओळ फिरवते. त्या भरतीच्या शब्दात गूढ शोधनं म्हंजे पोत्याच्या सुतळीवरून कापसाचा भाव ठरवनं.

विठ्ठल वाघायच्या गाण्यात काळ्या मातीत तिफन चालते. तीन फणाचं पेरनीचं औत, म्हून तिफन. कोनी त्याचे त्रिगुण कराले जाईन तं मी आडवा येईन. पाऊस पडला, वापसा आला, चाड्यावर मूठ धरली. हाच अर्थ हाये, अन् थो लय मोठा हाये. तुकडोजी महाराजायनं खंजिरीवर भजनं म्हटली, त्यात काय लपवलं? अडानी मानसाले पयल्याच ऐकण्यात समजलं पायजे, हेच त्यायचं बळ होतं.

कोजागिरी:
पऱ्हाटीदादा, तुमची कसोटी भारुडाला लागू पडते, भुलाबाईला नाही. भारूड सांगणाऱ्याला ते उलगडून दाखवायचं असतं. सासरच्या अंगणात गाणाऱ्या सुनेला उलगडणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिनं किल्ली गाण्याबाहेर ठेवली.

कारल्याच्या वेलाचं गाणं बघा. सून माहेरी जायला निघते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं, तर कोंब येऊ दे. कोंब आला, तर वेल वाढू दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. ऐकायला पोरखेळ. पण परसात कारलं लावणारीला हिशोब माहीत असतो. बी उगवायला आठवडा, फूल यायला साधारण 35 ते 45 दिवस, तोडायला आणखी 12 ते 15. एकूण दोन महिने झाले. त्यातही कारल्याला आधी नर फुलं येतात, ती नुसतीच गळतात. मादी फूल मागून येतं, त्याच्या देठाशी इवलंसं कारलं आधीच दिसतं. म्हणजे 'फूल येऊ दे' ही अट पुरी झाली तरी सून तिथेच. ही टाळाटाळ गाण्यात एका शब्दानंही सांगितलेली नाही. मग हा अर्थ खोटा म्हणायचा?

अन्वय:
खंजिरीभाऊ, चाल आधी आली तरी शब्द कुणीतरी निवडलेच ना? उलट गोड चालीमुळे उघड शब्दही ऐकू येत नाहीत. 'द पोलिस' या इंग्रजी बँडचं 1983 चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक लग्नात प्रेमगीत म्हणून वाजवतात. त्यातली फक्त क्रियापदं लिहून काढा. ती श्वास घेते, हलते, पाऊल टाकते. तो पाहत राहतो. तिचा एकही शब्द नाही. ते मत्सर आणि पाळतीचं गाणं असल्याचं ते लिहिणाऱ्या-गाणाऱ्या स्टिंगनं स्वतः सांगितलं आहे. इथे किल्ली गाण्यातच होती, पण ध्रुपदाच्या (पालुपदाच्या) चालीत बुडाली.

माझी पद्धत सांगतो. गाण्याचे शब्द आयते साइटवरून घेऊ नका, त्यात ऐकण्याच्या चुका असतात आणि एक साइट दुसरीवरून उतरवते. यूट्यूबवर वेग 0.75 करून स्वतः वहीत उतरवा, जे ऐकू आलं नाही तिथे जागा कोरी सोडा. चुकीच्या अर्थांची सुरुवात बहुतेकदा त्या कोऱ्या जागा अंदाजानं भरण्यातून होते. मग बोलणारा कोण, ऐकणारा कोण, 'तू' मध्येच बदलतो का, यावर खुणा करा. ध्रुपद वेगळ्या पानावर घ्या, कारण लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाचं 1984 चं 'बॉर्न इन द यूएसए' ऐकताना लोक तिथेच चुकतात. ध्रुपद छाती फुगवून म्हणता येतं, पण कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला, काम न मिळणारा सैनिक आहे.

पऱ्हाटी:
वहीची पद्धत मान्य. ताई, नर फुलाची गोष्टही बिनतोड आहे, मी ते गाणं तसं कधी वाचलं नव्हतं. पण किल्ली गाण्याबाहेर ठेवायची मुभा एकदा दिली की कुणीही कुठूनही किल्ली आणतो. बीटल्सच्या 1967 च्या 'ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गाण्याच्या नावातल्या तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून एलएसडी हे नशेचं द्रव्य काढलं गेलं. बीटल्सच्याच जॉन लेननचं म्हणणं, ते नाव लहान मुलाच्या चित्रावरून आलं. अक्षरं जोडणारे अजून ऐकत नाहीत.

खंजिरी:
अन् लेनन खोटं बोलला असन तं?

अन्वय:
गीतकाराचा शब्द पुरावा आहे, निकाल नाही. पण आद्याक्षरं हा फारच दुबळा पुरावा. तो अर्थ धरल्यानं गाण्यातली दुसरी एखादी ओळ जास्त स्पष्ट होते का, ते पाहा. कारल्याच्या अर्थानं गाण्यातली प्रत्येक अट स्पष्ट होते, आणि अटींचा क्रमही.

कोजागिरी:
पऱ्हाटीदादा, बाहेरची किल्ली म्हणजे कुठलीही नव्हे. ती गाणारीच्या हाताखालची हवी: चूल, परस, निंदण, सण. लंडनचा प्लेग आपल्या अंगणात नव्हता, कारल्याचा मांडव होता. म्हणून यंदा भुलाबाईची गाणी उतरवून घेणाऱ्यांनी नुसते शब्द घेऊ नयेत. गाणाऱ्या आजीला विचारावं, गावात कारलं कधी लावतात, पहिली माहेरपणाची बोलावणी कोणत्या सणाला येते, गाण्याच्या शेवटी सून निघते की नाही. हा शेवट गावागणिक वेगळा असू शकतो, म्हणून पाठाशेजारी गावाचं नाव लिहावं.

खंजिरी:
आजीले इचारा, हे पटलं. पन तिनं 'त्यात काई नसते, बाप्पा, खेळाचं गानं हाये' म्हटलं तं तेही वहीत लिहा.