लिंडाऊच्या नोबेल मेळाव्यासाठी अर्ज आणि तयारी कशी करावी?

रेणूबंध
मी एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरे वर्ष. विषय: सुपर-रिझोल्यूशन (प्रकाशाच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा बारीक तपशील दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकासाठी चमकणारी रंगद्रव्ये. जर्मनीतल्या लिंडाऊ गावी नोबेलविजेते आणि तरुण संशोधकांचा मेळावा भरतो, त्याचा विषय दरवर्षी बदलतो; पुढच्या रसायनशास्त्राच्या वर्षी त्यासाठी अर्ज करायचा आहे. आमच्या विभागातून आजवर कोणी गेलेले नाही, त्यामुळे विचारायला जवळ कोणी नाही.

अर्ज कोणामार्फत जातो? संशोधनाच्या सारांशात नेमके काय लिहावे? निवड झालीच तर नोबेलविजेत्यांना विचारायचे तरी काय? आणि आमच्याकडे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक हुशार मुलगी प्रोजेक्ट करते, तिच्यासाठी या धर्तीचे काही आहे का?

पारिजात_पुणे
आधी चौकट समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर एकट्या पडलेल्या जर्मन विज्ञानाला जगाशी पुन्हा जोडावे म्हणून लिंडाऊमधल्या दोन डॉक्टरांनी, फ्रान्झ कार्ल हाइन आणि गुस्ताव पाराडे यांनी, माइनाऊ बेटाचे काउंट लेनार्ट बर्नाडोट यांच्या मदतीने १९५१ मध्ये हे मेळावे सुरू केले. आता दरवर्षी जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला तीस-चाळीस नोबेलविजेते आणि सुमारे सहाशे तरुण संशोधक आठवडाभर एकत्र येतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यक असा फेरा असतो, मधूनच एखादे वर्ष तिन्ही विषयांचे. म्हणजे तुमचे वर्ष हुकले तर पुढची संधी बहुधा तीन वर्षांनी. पस्तिशीची अट आहे, आधी जाऊन आलेल्यांना पुन्हा घेत नाहीत आणि कायम प्राध्यापकपद मिळालेले चालत नाहीत. म्हणून आत्ताच हिशोब मांडा.

निवड दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात एखादी मान्यताप्राप्त भागीदार संस्था तुमचे नाव सुचवते. दुसऱ्यात लिंडाऊची स्वतःची समिती सगळ्या जगातून आलेल्या नावांमधून निवडते. नाव सुचवले म्हणजे निवड झाली असे धरून विमानाचे तिकीट काढू नका. भारतातून विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीएसटी, आणि जर्मनीची संशोधनाला निधी देणारी संस्था डीएफजी यांनी मिळून विद्यार्थी पाठवले आहेत, आणि त्यात मेळाव्यानंतर जर्मन संशोधन संस्थांची भेटही असे. ज्यांना कोणतीच भागीदार संस्था उपलब्ध नाही त्यांच्यासाठी खुल्या अर्जाचा मार्गही ठेवलेला आहे. दोन्हींसाठी हालचाल आदल्या वर्षीच करावी लागते. मेळाव्याच्या वर्षाचा जानेवारी उजाडल्यावर जागे झालात तर गाडी सुटलेली असते.

आता सारांश. बहुतेक अर्ज इथेच पडतात. पहिला परिच्छेद विषयाच्या महत्त्वावर, दुसरा त्याच्या उपयोगांवर आणि स्वतःचे काम शेवटच्या दोन ओळींत, ही पद्धत सोडा. समितीला सुपर-रिझोल्यूशन म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पहिल्या वाक्यात अडचण, दुसऱ्यात तुम्ही काय केले, आणि तिसऱ्यात आकडा: रेणूच्या कुठल्या जागी कोणता गट बसवला, क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत चमकतो ते प्रमाण) कितीवरून कितीवर गेली, किती वेळ सतत प्रकाश पडल्यावर चमक निम्मी झाली. ज्याच्याशी तुलना केली ते बाजारातले रंगद्रव्य कोणते, हेही लिहा. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नसतो. जे जमले नाही ते एका वाक्यात सांगितले तरी चालते, उलट त्याने बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

रेणूबंध
मनापासून आभार. शिफारसपत्राचे काय? आमचे गाईड सर मदतीला तयार आहेत, पण त्यांचे पत्र 'कष्टाळू, नम्र, वक्तशीर' एवढ्यावर संपते.

पारिजात_पुणे
तसे पत्र नसल्यातच जमा. सरांना दोष नाही, त्यांच्यापुढे कच्चा माल नसतो. त्यांना एक पानभर टिपण द्या: कोणती कल्पना तुमची स्वतःची होती, कोणते उपकरण तुम्ही उभे केले, कोणत्या लेखात तुमचे नाव पहिले आहे आणि त्यातला कोणता भाग तुमचा, कोणाला शिकवले. लिंडाऊच्या निकषांत वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांचा उल्लेख आहे. तेव्हा सरांनी 'आजवर माझ्या हाताखाली इतके पीएचडी झाले, त्यांत हिचे स्थान अमुक' असे एक वाक्य लिहिले तर ते सगळ्या विशेषणांपेक्षा जड ठरते. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. अर्ज आणि पत्र एकाच हातचे असले की वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

अपवर्तन
प्रश्न काय विचारावे याबद्दल.

सकाळी व्याख्याने असतात. तिथे प्रश्न विचारायला फारशी सवड नसते, विचारही करू नका. खरी जागा म्हणजे दुपारचे ओपन एक्स्चेंज. त्या खोलीत एक नोबेलविजेता आणि फक्त तरुण संशोधक, बाकीच्या पाहुण्यांना मज्जाव. त्याखेरीज सायन्स वॉक असतो, मोजक्या आठ-दहा जणांनी एका विजेत्याबरोबर चालत गप्पा मारायच्या, आणि निवडक जणांसोबत जेवणही. या दोन्हींच्या जागा थोड्या, त्यामुळे नोंदणी उघडली की त्याच दिवशी करा. आणि सर्वांत प्रसिद्ध नावामागे धावू नका. तुमच्या विषयाजवळचा विजेता शोधा, तिथे गर्दीही कमी मिळेल.

तुमच्याच विषयाचे उदाहरण घेऊ. समजा श्टेफान हेल आले आहेत. त्यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एरिक बेट्झिग आणि विल्यम मोअर्नर यांच्याबरोबर मिळाले. हेल यांची सूक्ष्मदर्शक पद्धत म्हणजे स्टेड. 'तुम्हाला स्टेडची कल्पना कशी सुचली?' हा प्रश्न वाया गेला समजा, कारण त्याचे उत्तर त्यांच्या नोबेल व्याख्यानात आहे. आता हे पाहा. स्टेडमध्ये एक प्रकाशझोत रेणूंना चमकवतो आणि मेदुवड्याच्या आकाराचा दुसरा झोत कडेच्या रेणूंची चमक विझवतो. या दुसऱ्या झोताची तीव्रता वाढवली की विभेदन (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) सुधारते, पण साधारण तिच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. म्हणजे दुप्पट बारकाईसाठी जवळपास चौपट तीव्रता लागते, आणि तेवढ्यात रंगद्रव्य करपते. म्हणून स्टेडसाठी रेणू बनवणारे सगळे टिकाऊपणामागे लागले. पुढे हेल यांच्याच गटाने मिनफ्लक्स आणले. त्यात तोच मध्ये पोकळ असलेला झोत विझवायला नव्हे तर उत्तेजित करायला वापरतात, आणि फार कमी फोटॉनांत रेणूची जागा काही नॅनोमीटरपर्यंत कळते. मग तुमचा प्रश्न असा होतो: 'फोटॉन कमी लागत असतील तर रेणू बनवणाऱ्यांनी टिकाऊपणा थोडा सोडून रेणू चालू-बंद होण्याच्या वेगावर जास्त भर द्यावा का? माझ्या मालिकेत या दोन गुणांची ओढाताण दिसते.' याचे उत्तर छापलेले सापडणार नाही, आणि ते ऐकून तुमचे पुढचे सहा महिन्यांचे काम बदलू शकते.

पद्धत एवढीच: विजेत्याचे नोबेलचे काम नव्हे, गेल्या पाच वर्षांतले दोन लेख वाचा. प्रश्न लिहून काढा, मोठ्याने वाचा, अर्ध्या मिनिटात बसला पाहिजे. स्वतःची ओळख नाव आणि एक वाक्य.

शेवंता
अपवर्तन यांच्याशी बरीचशी सहमत, पण एक मुद्दा सोडून. ओपन एक्स्चेंजमध्ये शंभर जण असतील आणि त्यांतले नव्वद रंगद्रव्यांवर काम करत नसतील, तर एवढा बारीक प्रश्न खोलीला बाहेर ठेवतो. तो सायन्स वॉकसाठी राखा. सर्वांसमोर निर्णयांबद्दल विचारा: दोन वर्षे निकाल आला नाही तेव्हा विषय सोडायचा नाही हे कशावरून ठरवले, पैसे कोणी दिले, ज्या समीक्षकाने लेख नाकारला त्याचा आक्षेप कुठे बरोबर होता. लेखांत न छापली जाणारी ही माहिती आहे आणि ती सहाशे जणांच्या उपयोगाची आहे.

तयारीसाठी लिंडाऊची मिडियाथेक फुकट खुली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांपासून अलीकडच्या चित्रफितींपर्यंत व्याख्याने तिथे मिळतात. ज्यांना भेटायचे त्यांचे लिंडाऊमधलेच आधीचे भाषण ऐका. उच्चारांची सवय होते, आणि कोणता विनोद ते दरवेळी करतात हेही कळते!

लिंडाऊच्या मेळाव्यांत नोबेलविजेत्यांनी काढलेले माइनाऊ जाहीरनामे नक्की वाचा. १९५५ मध्ये ओटो हान आणि माक्स बोर्न यांच्या पुढाकाराने अण्वस्त्रांविरुद्ध, २०१५ मध्ये हवामानबदलावर, २०२४ मध्ये पुन्हा अण्वस्त्रांवर. शेवटच्या दिवशी शुक्रवारी बोटीने माइनाऊला नेतात. २०१५ च्या जाहीरनाम्यावर तिथेच ३६ विजेत्यांनी सह्या केल्या, आणि काहींनी नकारही दिला. नकार का दिला, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

लोहमार्ग
व्हिसा आणि प्रवास. आमंत्रणपत्र तयार होण्याआधी नाव तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये आपण फक्त नाव-आडनाव भरतो. आमंत्रण, विमा आणि तिकीट तिन्हीवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवे. नंतर बदलून घेण्यात आठवडे जातात.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी. पण मे-जूनमध्ये सुट्टीच्या गर्दीने अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून निवड कळताच तारीख घ्या. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी. विद्यापीठाचे ना-हरकत पत्र, फेलोशिपचे पत्र, आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेले पत्र. निवास-जेवण एकाकडून आणि विमानभाडे दुसऱ्याकडून असेल तर दोन्ही पत्रे जोडा.

म्युनिक किंवा झुरिक, दोन्हीकडून जाता येते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच असल्याने जर्मन व्हिसा चालतो. म्युनिक-झुरिक युरोसिटी गाडी लिंडाऊ-रॉयटिन स्थानकावर थांबते, लिंडाऊचे जुने गाव ज्या बेटावर आहे तिथल्या स्थानकावर नाही. जुन्या नकाशांत आणि जुन्या सल्ल्यांत बेटावरचेच स्थानक दिसेल. रॉयटिनहून बेटावर लोकल गाडी किंवा बस.

सिम कार्डाचे एक बघा: लिंडाऊच्या तळ्यापलीकडे स्वित्झर्लंड आहे, फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो, आणि युरोपियन युनियनपुरत्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड बहुधा नसते. नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

अपवर्तन
बीएस्सीच्या मुलीसाठी: लिंडाऊला पदवीचे विद्यार्थीही घेतात, पण दुसऱ्या वर्षी तिथली स्पर्धा झेपणे अवघड. तिच्या वयाला एशियन सायन्स कॅम्प हे विद्यार्थ्यांचे विज्ञान शिबिर बसते. युआन ली आणि मासातोशी कोशिबा या दोन विजेत्यांना ही कल्पना २००५ मध्ये लिंडाऊलाच सुचली आणि २००७ मध्ये तैपेईत पहिला कॅम्प झाला. २०१० चा आपल्या मुंबईत होता, २०१६ चा बंगळूरमध्ये. वेगवेगळ्या देशांच्या मुलांचा गट करून पोस्टर बनवावे लागते, तेव्हा अनोळखी माणसांबरोबर इंग्रजीत झटपट काम वाटून घेण्याचा सराव हवा.

दुसरा लंडनचा इंटरनॅशनल यूथ सायन्स फोरम, १९५९ पासून, वय १६ ते २१, उन्हाळ्यात दोन आठवडे. तिथे सहभागाचे शुल्क स्वतः भरायचे असते आणि ते मोठे आहे, त्यामुळे प्रवेश मिळण्याआधीच पुरस्कर्ता शोधायला लागा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शेंगेन तिथे चालत नाही. पीएचडीवाल्यांसाठी सिंगापूरची ग्लोबल यंग सायंटिस्ट्स समिट जानेवारीत असते. रेणूबंध, लिंडाऊचे वर्ष यायला अवकाश असेल तर मधल्या काळात तिथेही अर्ज करा, तोच सारांश कामी येईल.