निदान उन्हाळ्याचे कपडे तरी घरी शिवा

वैदर्भी

होळी झाली की आमच्या नागपुरात कपाटातले निम्मे कपडे अंगावर घालवत नाहीत. पारा ४२ वर गेला की रंग, नक्षी, फॅशन सगळं मागे पडतं. दोनच गोष्टी उरतात: कापड कोणतं आहे आणि ते अंगापासून किती सुटं राहतं. तयार कपडा घेताना या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेल्या असतात. म्हणून माझं मत असं की सणासमारंभाचे कपडे कुठूनही घ्या, पण उन्हाळ्यात रोज लागणारे कुर्ते, गाऊन, पायजमे, लहान मुलांची झबली घरी शिवावीत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुकानातून ‘प्युअर कॉटन’ म्हणून तीन कुर्ते आणले. दुपारी बसची वाट बघताना पाठीला कापड असं चिकटलं, की सोडवून घ्यावं लागत होतं. घरी येऊन आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा ओढला. (शिलाईचा दोरा ओढू नका, तो सुती कपड्यातही बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो.) काडी लावून बघितली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरडली जाईल अशी मऊ राख राहते. हा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी धरला. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित हवेत कापूस साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. घाम टिपणार कुठून?

सैलपणाचंही तसंच. माझी छाती ३६. दुकानातला मीडियम कुर्ता टेप लावून मोजला तर ३९ भरला. मी शिवते तो ४३ ठेवते. तेवढ्या चार इंचांत चालताना आतून वारा फिरतो. बाही कोपराच्या खाली, म्हणजे स्कूटरवर हात भाजत नाहीत. आणि दोन्ही बाजूंना खिसे, मोबाइल पूर्ण मावेल इतके खोल.

काम वाटतं तितकं कठीण नाही. आपले जुने कुर्ते कसे बेतलेले असत बघा: पुढं-मागं सरळ पट्टे, बाजूला कळ्या (खाली रुंद होत जाणारे तुकडे), बगलेत एक चौकोनी तुकडा. जवळजवळ सगळ्या कातरी सरळ, आणि कापड वाया जात नाही. गांधीबागेच्या कापडबाजारातून ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कँब्रिक, म्हणजे पातळ सुती कापड, १४० रुपये मीटरनं आणलं, अडीच मीटर पुरलं. साडेतीनशेत कुर्ता झाला. दोन रविवारच्या दुपारी गेल्या, तेवढंच.

सांगलीची लेक

‘दोन रविवारच्या दुपारी गेल्या, तेवढंच’ या वाक्यापाशी मी अडले.

माझ्या आईनं आम्हा तिघा भावंडांचे कपडे मी दहावीला जाईपर्यंत घरी शिवले. परकर-पोलकी, भावाच्या चड्ड्या, बाबांचे लेंगे, सगळं. मशीन पत्र्याच्या खोलीत होतं. मे महिन्यात ती पंखा बंद करून बसायची, कारण पंखा लावला की बेतलेली मलमल आणि कागदाचे नमुने उडायचे. घामाचे थेंब कापडावर पडू नयेत म्हणून कपाळाला बाबांचा जुना रुमाल बांधायची. आम्ही त्या गार कपड्यांत खेळत होतो आणि ते शिवणारी भट्टीत बसली होती.

पुढं तालुक्याला स्वस्त तयार कपड्यांची दुकानं झाली आणि आईनं मशीनवर झाकण घातलं. त्या दुपारी ती झोपायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

तुम्हाला आवडतं म्हणून जरूर शिवा. पण ‘शिवावीत’ असं म्हटलं, की घराघरात ते काम कुणाच्या अंगावर पडणार हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

टीप-काज

मी कराडजवळ बावीस वर्षं शिवणकाम करते. दोन मशीन, एक इंटरलॉक (कापडाच्या कडा दोऱ्यानं बांधणारं मशीन), एक मुलगी हाताखाली. माझी बाजू मांडते.

लोकांना वाटतं आमचं पोट लग्नाच्या ब्लाउजवर चालतं. लग्नसराई तीन-चार महिन्यांची. दुकानाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, आणि ते निघतं साध्या कामावर: गाऊन, सरळ कुर्ते, पायजमे, कपडा मोठा-लहान करणं. तुम्ही नेमकं तेच काम घरी न्या म्हणताय आणि आमच्यासाठी अस्तराचे, डोरीचे, पॅडचे ब्लाउज ठेवताय, ज्यात एक चूक झाली तर कापडाची भरपाई आम्हीच करायची.

साध्या कुर्त्याची शिलाई मी ३०० घेते. बाई म्हणतात, ‘एवढी?’ तुम्ही त्याच कुर्त्याला दोन दुपारी दिल्या, त्याचे पैसे धरलेच नाहीत, म्हणून तो साडेतीनशेला पडला. माझा तास धरला की महाग आणि तुमचा तास फुकट, हा हिशेब मला पटत नाही.

सैल हवा तर सांगा ना शिंप्याला. छाती ४३ ठेवा म्हणाल तर ४३ ठेवते. खिसाही लावते, न विचारता. कापड तुम्हीच आणता, तेव्हा कापडाची निवडही तुमच्याच हातात असते.

रत्नागिरीकर

विषय थोडा वेगळा करतो. ‘उन्हाळ्यात सुती आणि लांब बाही’ हे नागपूरला ठीक. तिकडं हवा कोरडी, घाम आला की उडतो, त्रास उन्हाचा आणि झळांचा. तिथं अंग झाकलेलंच बरं. आमच्याकडं पारा ३४-३५ च असतो, पण हवा आधीच ओलीचिंब. घाम उडतच नाही. जाड खादीचा सदरा एकदा भिजला की संध्याकाळपर्यंत अंगावर ओला राहतो, मग घामोळं. मी दोन उन्हाळे ते सोसलं आहे.

इथं मला पातळ, विरळ विणीचं कापड लागतं. मलमल किंवा पातळ लिनन, बाही अर्धी, गळा उघडा. घरी शिवा की बाहेरून, पण आधी आपल्या गावची हवा बघा.

शिवाय एक दुरुस्ती. चिकटणाऱ्या सगळ्या कपड्यांना लोक ‘प्लास्टिक’ म्हणून मोकळे होतात. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं, ओलावा कापसाहूनही जास्त धरतं, आणि जाळलं तर कापसासारखंच जळतं. तेव्हा काडीच्या परीक्षेनं पॉलिएस्टर पकडता येईल, रेयॉन नाही. ते ओलं झालं की कमजोर पडतं आणि धुतल्यावर आटतं, हा त्याचा खरा दोष.

वैदर्भी

रत्नागिरीकर, दोन्ही मान्य. मी विदर्भाचाच उन्हाळा डोळ्यांपुढं ठेवून लिहिलं.

टीप-काज ताई, तुमच्या हिशेबावर माझ्याकडं नीट उत्तर नाही. माझ्या दुपारी मी धरल्या नाहीत हे खरं. पण माझा अनुभवही ऐका. आमच्या भागात मार्चमध्ये टाकलेला साधा कुर्ता जूनमध्ये हातात येतो. लग्नाचे ब्लाउज आले की साधं काम मागं सरतं, मग शाळेचे गणवेश. नवतपाचे नऊ दिवस, मेअखेरीचे, ज्यात कुर्ता हवा तेव्हा तो शिंप्याच्या फळीवर घडी घालून पडलेला. आणि ‘सैल ठेवा’ सांगूनही तीनदा घट्ट आला. ‘फिटिंगमध्ये चांगलं दिसतं’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

सांगलीच्या ताई, तुमच्या आईबद्दल वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. ‘शिवावीत’ हा शब्द मागं घेते. मशीनवर बसणारं माणूस स्वतःच्या मर्जीनं बसलेलं हवं.

धावदोरा

मी पुरुष आहे, पुण्यात नोकरी करतो आणि २०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवता शिवता मशीन शिकलो. आता घरातले सगळ्यांचे पायजमे आणि माझे बिनकॉलरचे सदरे मीच शिवतो. काम कुणाच्या अंगावर पडणार, तर ज्याला कपडा हवा त्याच्या. यात बाईमाणसाचा संबंध कुठं येतो? बाजारपेठेतले शिंपी बघा, बहुतेक पुरुषच. नामदेव महाराजांचं घरही शिंप्याचंच.

आणि स्वस्त तयार कपड्यानं सुटका झाली असं म्हणताना त्या कपड्यामागच्या माणसांकडंही बघायला हवं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही इमारत कोसळली. त्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. ३९९ रुपयांचा कुर्ता हातात घेतला की मला हे आठवतं. निदान माझ्या पायजम्यापायी कुणाला तशा इमारतीत बसावं लागत नाही.

सांगलीची लेक

धावदोरा, तुम्ही मशीनवर बसता हे खरंच छान. पण असे पुरुष तुमच्या इमारतीत किती आहेत? बाजारात पुरुष पैसे घेऊन शिवतो आणि घरात बाई बिनपैशाची शिवते. मी बोलत होते ते याबद्दलच.

राणा प्लाझाचं दुःख मलाही आहे. पण तुम्ही पायजमा घरी शिवल्यानं तिथल्या एकाही बाईचा पगार वाढत नाही. त्या इमारतीतल्या बायकांना नोकरी हवीच होती, आणि ती धड भिंतींच्या आत हवी होती. तिथली तपासणी कडक व्हावी, मजुरी वाढावी, म्हणून आवाज उठवायचा. घरात मशीन घेऊन बसणं हे त्याचं उत्तर होत नाही.

आणि वैदर्भी, तुम्ही शब्द मागं घेतलात हे मनाला लागलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मलमल कापताना पाट्यावरचा वरवंटा ठेवायचा कडेला, पंखा चालतो मग.’ मी विचारलं, तेव्हा का नाही ठेवलास? म्हणाली, ‘तेव्हा सुचलंच नाही, घाई असायची.’

टीप-काज

वरवंटा नको, डाग पडेल. मी वाळूच्या पुरचुंड्या करून ठेवल्या आहेत.

धावदोरा भाऊ, तयार कपडा नको हे माझंही मत. मग ते काम गावातल्या शिंप्याला द्या. त्याची इमारत तुम्हाला दिसते, त्याचं तोंडही दिसतं.

उशिराबद्दल मात्र वैदर्भी ताईंचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. मोठं काम आलं की आम्ही साधं मागं टाकतो. मार्चचं काम मार्चमध्ये द्यायला हवं. ‘फिटिंग’चंही खरं. आम्हाला शिकवलंच तसं, अंगाबरोबर बसला तर हात चांगला. तरी साधं काम घरी जावं, हे मला मान्य नाही.

पहिलंच मशीन

वाचून हुरूप आला आणि भीतीही वाटली, म्हणून विचारते. मी मागच्या महिन्यात मलमलचा कुर्ता शिवला. फसला. टीप मारताना कापड गोळा होऊन चुण्या पडल्या, सुई जिथं गेली तिथं भोकं दिसतात. गळा लोंबून खांद्यावर उतरला. आणि पहिल्या धुण्यात उंची ४० ची साडेअडतीस झाली. कापडाचे ४०० गेले. आता परत कापड आणायला मन होत नाही. माझ्यासारखीनं शिंप्याकडंच टाकावं का?

टीप-काज

ताई, आमच्याकडं टाका असं मी म्हणायला हवं. पण एवढ्यावरून सोडू नका.

मशीनबरोबर आलेली सुई बघा, १४ किंवा १६ नंबरची असेल. ती पॉपलिनला, जाड कापडाला. मलमलला ११ घाला, भोकं जातील. टाका बारीक ठेवा. तरी कापड गोळा झालं तर खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून टीप मारा, नंतर कागद फाडून काढा.

गळा लोंबला कारण गोलाई कापल्यावर तुम्ही तो हाताळत राहिलात. गोल कातरलेलं कापड ताणतं. कापल्या कापल्या कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत एक साधी टीप मारून ठेवायची, मग पट्टी. पट्टी सरळ कापडाची नको, तिरकी कापायची, सव्वा इंच रुंद. ती गोलाईबरोबर वळते.

कापड आणलं की रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री. आटायचं ते बहुतेक तेव्हाच आटतं.

मलमलला आतून इंटरलॉकसुद्धा नको, ते टोचतं. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलटीकडून बारीक टीप, कड छाटायची, उलटवायचं, मग आतून दुसरी टीप. धागे आत बंद होतात. लहान बाळाच्या झबल्याला मी असंच शिवते. आणि माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, अर्धा इंच सोडा, पाव इंच नको. शिकणाऱ्याला माया जास्त लागते.

वैदर्भी

मी गळ्याची टीप कधीच मारत नव्हते. माझे दोन कुर्ते लोंबतात ते यामुळंच.

ताई, एक विचारते. मी अंग, बाह्या, खिसे घरी शिवले आणि गळा बेतून तुमच्यासारख्या कुणाकडं नेला, तर तेवढ्याची शिलाई घेता का?

टीप-काज

घेते. गळ्याला ८०, पट्टीसकट. दुसऱ्याच्या अर्ध्या कामाला हात लावायला बरेच शिंपी नाही म्हणतात, मीही पूर्वी म्हणायचे. पण गळा कापून आणू नका. खडूनं खूण करा, कातर मीच लावेन.

पहिलंच मशीन

११ नंबरची सुई आज आणली. पाच सुयांचं पाकीट आहे. फसलेल्या कुर्त्याच्या पाठीत साबूत कापड निघतंय, त्यात भाच्याचं झबलं बसेल का? तो सात महिन्यांचा आहे.

टीप-काज

बसेल. छाती २२ ठेवा. पुढं बांधायला नाड्या ठेवा, बटण नको.