तूमाईचं मांडीचं हाड: चालल्याचा पुरावा की घाई?

खडकफोड्या
चाडच्या जुराब वाळवंटात 2001 साली ‘तूमाई’ची (सहेलँथ्रोपस, माणसाच्या वंशातला सर्वांत जुना मानला जाणारा प्राणी) कवटी सापडली, वय सुमारे 70 लाख वर्षं. त्याच जागच्या मांडीच्या हाडावर आणि दोन अल्नांवर (कोपर ते मनगट, करंगळीकडचं हाड) 2022 मध्ये निबंध आला: हा प्राणी जमिनीवर दोन पायांनी चालत होता. मला हे पटतं. मज्जारज्जू उतरतो ते कवटीच्या तळाचं महारंध्र पुढे सरकलेलं आहे, म्हणजे डोकं ताठ कण्यावर तोललेलं. सुळे लहान आणि टोकाशी झिजलेले, म्हणजे माणसाच्या वंशाकडचे. त्यात मांडीच्या हाडाची भर. आणखी काय हवं?

अस्थिपंजर
गुडघा हवा! या हाडाची दोन्ही टोकं गेलीत. खुब्याचा गोळा नाही, गुडघ्याचा सांधा नाही, उरली ती दांडी. माणसाचं मांडीचं हाड गुडघ्याकडे आत कलतं, साधारण 8 ते 11 अंश. चिंपांझीत ते जवळपास सरळ असतं. हा कोन जन्मतः नसतो, मूल चालू लागलं की घडतो. म्हणून तो दिसला तर नुसती ठेवण नाही, प्रत्यक्ष चाल कळते. इथे तो मोजणार कशावर?

खडकफोड्या
म्हणूनच त्यांनी हाडाच्या आत पाहिलं. स्कॅनमध्ये वरच्या भागात कॅल्कार फेमोराले, म्हणजे भार पेलणारी दाट हाडाची उभी पट्टी, दिसली. शिवाय एका खुणेवर भिस्त नाही, वीसहून जास्त वैशिष्ट्यं एकत्र तपासली.

अस्थिपंजर
ती पट्टी काही माणसांत नसते आणि काही कपींत असते! 2024 च्या टीकेत हेच आलं. ढिसाळ खुणा वीस असल्या तरी त्यांची बेरीज ढिसाळच. आणि तुम्ही 2020 चा निबंध गाळलात. हाड तेच, निष्कर्ष उलटा: नियमित द्विपाद चाल दिसत नाही. (2001 चं हाड, पहिलं सविस्तर वर्णन 2020 ला. एवढा उशीर का, हा वेगळा धागा होईल.)

शंकासुर
कवटीचंही जपून. ती दबून वाकडी झालेली होती. महारंध्राचा नि डोळ्यांच्या खोबणींचा कोन जवळपास काटकोन आहे, माणसासारखा, हे 2005 मध्ये संगणकावर तुकडे सरळ करून मिळालेलं उत्तर आहे. तुकडे बसवण्यातली चूक थेट त्या कोनात उतरते.

खडकफोड्या
हा मुद्दा मान्य. पण अल्ना वाकड्या आहेत, म्हणजे झाडावर चढणं होतं, हे 2022 च्या निबंधातही आहेच. ‘झाडावर चारही हातपाय, खाली दोन पाय’ यात विसंगती कुठली?

अस्थिपंजर
विसंगती नाही, अर्धंच सिद्ध झालंय. झाडावरचं. केनियातल्या ओरोरिनचं (असाच दुसरा प्राचीन प्राणी, सुमारे 60 लाख वर्षं) मांडीचं हाड वरच्या टोकासह मिळालं, म्हणून तिथे त्या हाडाच्या मानेत (गोळा आणि दांडी जोडणारा भाग) बाहेरच्या थराची जाडी वर किती, खाली किती यावरून चालीबद्दल निदान भांडता तरी येतं.