बहीण पळते, पण तिचा मूडच गेला, काय करावं?

काळीमाती:
नमस्कार मंडळी. माही लहान बहीण, १९ वर्षाची, १५०० अन् ३००० मीटर पळते. गाव दारव्ह्याजवळ, इथं ट्रॅक-बिक काही नाई, पहाटे साडेचारले डांबरी रोडवर ती समोर पळते अन् मी मागून मोटरसायकलचा लाईट मारतो. राज्य स्पर्धेत टायमिंग हुकलं तेव्हापासून पोरगी बदललीच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी, आईवर चिडते मग रडते, जेवण अर्धी भाकर, अन् प्रॅक्टिस मात्र डबल, तरी टायमिंग वाढूनच रायलं. परवा स्पाईक्स, म्हंजे पळायचे खिळ्यावाले बूट, उचलून कापसाच्या ढिगावर फेकले अन् दहा मिनिटांनी सोताच शोधून आणले. कोच सर म्हणतात जिद्द कमी पडते, बाबा म्हणतात नजर लागली. मले भीती वाटून रायली.

खोखोवाली:
दादा, जिद्द कमी नाई तिची. मी खो-खो खेळायची तेव्हा हेच केलं, हरले की खाणं कमी अन् पळणं जास्त. जेवढं जळते तेवढं पोटात गेलं नाही की शरीर एकेक काम बंद करते, झोप जाते, चिडचिड होते, पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्येच याला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीरात ऊर्जेची तूट, असं नाव दिलंय. आईला विचारायला सांगा पाळी वेळेवर येते का, खेळाडूंची बंद होतेच असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

संत्रापट्टा:
मी आरोग्य केंद्रात काम करते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासा, अन् आपल्याकडं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, तो पण तपासाच, ते असलं तर उन्हात जास्त ताण घेणं धोक्याचं. सकाळी अंथरुणातूनच नाडी मोजून रोज लिहा. नेहमीपेक्षा वाढलेलीच राहिली अन् पाय जड वाटले तर शरीर थकलंय, आराम द्या. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तिला काहीच झालं नाही असं समजू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. अन् जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर त्याच दिवशी न्या, एकटी सोडू नका.

वऱ्हाडी_पैलवान:
सरांना सांगा, नेमबाज अभिनव बिंद्रा २००८ ला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला अन् त्यानंतरच डिप्रेशनमध्ये गेला, त्यानंच सांगितलंय. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाईल्स टोकियो ऑलिम्पिकमध्ये सांघिक फायनलमधून मधेच थांबली, पॅरिसले २०२४ मध्ये ३ सुवर्ण घेतले. यांची जिद्द कमी होती का?

काळीमाती:
आईनं विचारलं. चार महिन्यांपासून पाळी नाई, कोणालेच सांगितलं नव्हतं तिनं. सोमवारी यवतमाळले नेतो. पळणं थोडे दिवस बंद म्हटलं तर लय रडली, पण आज साडेचारले उठली नाई, आठ वाजेपर्यंत झोपली. आईनं दारच लावून ठेवलं होतं, आवाज नको म्हणून.