'अकेदिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इजिप्तच्या वाळवंटातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती साधूंबद्दल वाचतेय. 'अकेदिया' हा ग्रीक शब्द सारखा भेटतो. अर्थ 'आळस' दिलाय, पण मला तो पटत नाही. दुसरा काही सुचतोय?

प्रतिसाद: पटणार नाहीच. फोड बघा. 'अ' आपल्यासारखाच नकाराचा, आणि 'केदोस' म्हणजे काळजी, आस्था. आस्थाच सुटणं, स्वतःबद्दलचीही. इजिप्तमधल्या केलिया या साधूंच्या वसाहतीत राहणारा साधू इव्हाग्रियस (मृत्यू 399) अकेदियाला 'दुपारचं भूत' म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास मानगुटीवर बसतं ते दोनपर्यंत उतरत नाही. दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू पुन्हापुन्हा खिडकीशी जातो, जेवायची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते सूर्याकडे बघून ठरवतो, कुणी येतंय का म्हणून डोकावतो. आळशी माणूस इतका तळमळत नाही! मी 'उबग' म्हणेन.

प्रतिसाद: 'उबग' जवळचा आहे, पण त्यात किळसही येते. योगसूत्रात (1.30) चित्ताच्या विक्षेपांमध्ये 'स्त्यान' (चित्ताचं जडपण) आणि 'आलस्य' वेगवेगळे मोजलेत, म्हणजे हा फरक आपल्याकडेही जाणवलेला होता. फक्त 'स्त्यान' आज कुणाला कळणार? लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या कासियान या ख्रिस्ती साधूने मूळ शब्द तसाच ठेवला आणि 'मनाचा शीण' अशा अर्थाने उलगडून सांगितला. पुढे शतकानुशतकं झिजत तो पश्चिमेत नुसता 'आळस' होऊन बसला. या झिजण्याचं मला फार वाईट वाटतं. दुखणेकऱ्याला कामचुकार ठरवल्यासारखं झालं ते.

प्रश्नकर्ती: दुखणं म्हटलंत, तर त्यांचे उपायही सगळे एका साच्यातले नाहीत. इव्हाग्रियस म्हणतो, कोठडी सोडू नकोस. अकेदियाने ग्रासलेल्या अंतोनी या वाळवंटातल्या साधूला मात्र बाहेर पडल्यावर त्याच्यासारखाच एकजण दिसतो: बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, परत दोराला बसतोय. तो देवदूत असतो. 'असं कर' म्हणतो. हाच अंतोनी साधुबंधूंबरोबर हसतखेळत बसलेला पाहून एक शिकारी नाराज झाला, तेव्हा धनुष्य सारखं ताणलं तर मोडतं, हे त्याने त्या शिकाऱ्यालाच कबूल करायला लावलं.

प्रतिसाद: मग 'मन उडणं' घ्या. इव्हाग्रियसची यादीच तशी आहे: राहत्या जागेवरून, जगण्याच्या रीतीवरून, हातातल्या कामावरून मन उडतं. मराठीत ते 'वरून' आपोआप जुळून येतं.

प्रश्नकर्ती: हेच घेते. शीर्षकात 'अकेदिया' ठेवीन, मजकुरात 'मन उडणं'.